मित्रांसोबत प्राग एका दिवसात? या चुका टाळा

सहा जणांना घेऊन प्राग फिरायचं म्हणजे वरात बोळातून न्यायची. शहर तसं आटोपशीर, पायी होण्यासारखं. आमचा बट्ट्याबोळ झाला तो क्रमामुळे.

आम्ही नाश्ता उरकून दहाला जुन्या शहराच्या चौकातून निघालो. आधी चार्ल्स पूल, मग चढ चढून किल्ला. सगळं जग नेमकं हेच करतं. पूल ५१६ मीटर लांब, रुंदी जेमतेम दहा मीटर, त्यात सेल्फी काढणारे. म्हणून उलटं करा. उजाडता उजाडता पूल बघून घ्या, मग २२ नंबरच्या ट्रामने वर किल्ल्यावर जा आणि नेरुदोवा रस्त्याने रमतगमत उतरा. दगडी फरशीचा उतार आहे, नव्या बुटांचे लाड तिथे नकोत. रविवार असेल तर किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल दुपारनंतर ठेवा, सकाळी तिथे प्रार्थना असते. शनिवारी ज्यू वस्तीतली संग्रहालयं बंद.

ट्रामचं कागदी तिकीट नुसतं खिशात ठेवून चालत नाही. पिवळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारायचा, तोही एकदाच. २४ तासांचं तिकीट असेल तर वेळ शिक्क्यापासून मोजतात. तपासनीस साध्या कपड्यात येतात आणि ‘आम्ही पाहुणे’ ही सबब ऐकत नाहीत.

पैशात मात्र आम्ही खरा मार खाल्ला. इथे चलन कोरुना, युरो नव्हे. ‘शून्य कमिशन’ अशी पाटी बघून आमच्यातल्या एकाने शंभर युरो बदलले. कमिशन शून्यच होतं, कापलं ते दरात. आधी ‘हातात किती पडतील?’ एवढंच विचारा. फसलात तर पावती जपा: २०१९ पासूनच्या नियमानुसार हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून मागता येतो. आम्हाला हे रात्री जेवताना कळलं! एटीएमने ‘रुपयांत हिशोब करू का?’ विचारलं तर नको म्हणा, कोरुनाच निवडा. चौकातल्या टपरीवर हॅमचा भाव बहुधा शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो, आणि कापणारा हात सैल असतो. शाकाहारी मंडळींनी तळलेलं चीज, म्हणजे ‘स्माझेनी सीर’ मागावं. सूप घेताना ते मांसाच्या पाण्यात शिजवलंय का, हे विचारलेलं बरं.

चौकातल्या १४१० सालच्या खगोलीय घड्याळापुढे लोक वीस मिनिटं आधीपासून माना वर करून उभे असतात. तासाला प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, बाहुल्या खिडकीतून फिरतात, मिनिटभरात खेळ खल्लास. ‘झालं?’ हा आमचा एकमुखी उद्गार. त्यापेक्षा तबकडी वाचा. बाहेरच्या कड्यावरचे जुन्या वळणाचे आकडे सूर्यास्तापासून मोजलेले चोवीस तास दाखवतात. आपल्याकडे सूर्योदयापासून घटका मोजत, तसाच प्रकार. त्यात माझा अर्धा तास गेला आणि बाकीचे पुढे निघून गेले.

चुकामूक होणारच. भेटायची जागा सकाळीच ठरवा. चौकातला यान हुस या धर्मसुधारकाचा पुतळा सोयीचा. फक्त बाजूही ठरवा. पुतळा ऐसपैस आहे. आमचे दोघे त्याच्या दोन बाजूंना पाऊण तास एकमेकांना शिव्या देत उभे होते.