सबवूफर होता, तरी बास मधेच गायब व्हायचा

सबवूफरचा (फक्त खालच्या सुरांसाठीच्या वेगळ्या स्पीकरचा) अगदी खालचा घुमार ऐकू यायचा, वरचे सूर स्वच्छ, पण बास गिटारचे मधले काही सूर जणू वाजतच नव्हते.

स्पीकरच्या माहितीपत्रकावर '५५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' होतं, त्यामुळे सबवूफरचा क्रॉसओव्हर (ज्या हर्ट्झच्या खालचे सूर सबवूफर सांभाळतो तो आकडा) ६० वर होता. खाली बारीक अक्षरात मात्र '-१० डीबी'! म्हणजे ५५ हर्ट्झला आवाज १० डेसिबलने पडलेला, कानाला जेमतेम निम्मा. ±३ डीबीच्या (आवाज फार तर ३ डेसिबल कमी-जास्त) हिशेबाने तोच स्पीकर ७५ लाच दमत होता. क्रॉसओव्हर ९० वर नेला, फेज (सबवूफरच्या ध्वनिलहरी स्पीकरच्या लहरींशी जुळवणारी सेटिंग) ० वरून १८० अंश केला आणि हरवलेले सूर आले. (फेज कानानेच ठरवा, सबवूफरची जागा बदलली की उत्तरही बदलतं.)

आता नवा स्पीकर बघताना सगळ्यात फसवा वाटतो तो सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक व्होल्ट दिल्यावर किती आवाज येतो त्याचा, आकडा. तो बहुधा २.८३ व्होल्ट देऊन १ मीटरवर मोजतात. एवढ्या व्होल्टवर ८ ओहमचा स्पीकर १ वॅट घेतो, ४ ओहमचा २. म्हणून ४ ओहमवाल्याचे ९० डीबी आणि ८ ओहमवाल्याचे ८७ डीबी वॅटमागे सारखेच. वर ४ ओहमचा भार ॲम्प्लिफायरला पेलायला हवा, ते वेगळंच.

वॅटमध्ये 'पीक' किंवा 'पीएमपीओ' (क्षणभराच्या ताकदीचे फुगवलेले आकडे) मी वाचतही नाही. आरएमएस (सतत मिळणारी ताकद) बघतो, आणि तो दुप्पट झाला तरी वाढ फक्त ३ डीबी. सबवूफर घेताना ३० हर्ट्झला किती डीबी मिळतात आणि तेव्हा डिस्टॉर्शन (आवाज बिघडण्याचं प्रमाण) किती, एवढंच विचारा.