तात्पर्य विचारू नका: अवघड गोष्ट मुलांबरोबर कशी वाचावी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी सहावी-सातवीला मराठी शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते आणि शेवटच्या तासाला आम्ही गोष्ट वाचतो. पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो: ‘बाई, कर्ज, मरण, मारहाण असलं या वयात कशाला? त्यातून मुलं काय शिकणार?’ शिकतात. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पण आपण घाईनं तात्पर्य काढून हातात ठेवलं, तर काहीच शिकत नाहीत.

कसं वाचायचं ते ‘श्यामची आई’ घेऊनच सांगते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यांचं पालगड आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे मोळी, पत्रावळ, विहीर हे काही मुलांना समजावून सांगावं लागत नाही. घरोघरी हे पुस्तक ‘संस्कारांचं’ म्हणून ठेवलेलं असतं. उघडून पाहा, त्यात घरावर जप्ती येते, आई मुलाला शिंपटीनं मारते, मुलगा चोरी करतो, शेवटी आई जाते. संस्कार आहेत ते या सगळ्याच्या आत.

आदल्या दिवशी ते प्रकरण एकट्यानं, मोठ्यानं वाचा. जिथं तुमचा आवाज अडकेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. वर्गात नेमकं तिथंच आपल्याला काहीतरी समजावून सांगायची घाई होते. तिथं बोलायचं नाही, एवढ्यासाठी ती खूण.

मग वर्गातली तोंडं डोळ्यांसमोर आणा. हे मी चुकून शिकले. एका वर्षी ‘अब्रूचे धिंडवडे’ वाचायला घेतलं. घराच्या जप्तीची दवंडी पिटली जाते आणि त्या ढोलाची नक्कल करून शाळेतली मुलं श्यामच्या धाकट्या भावाला चिडवतात, तो प्रसंग. दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि न विचारता बाहेर गेला. नळापाशी जाऊन नुसताच उभा राहिला. त्याच्या घरी महिनाभर वसुलीची माणसं येत होती, हे मला नंतर कळलं. हे आधी माहीत करून घेणं माझं काम होतं, मी ते केलं नव्हतं. आता असं काही असेल तर त्या मुलाला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगते, ‘उद्याच्या गोष्टीत हे हे येणार आहे. बसायचं तर बस, नाहीतर ग्रंथालयाच्या कपाटाची यादी करायला जा.’ बहुतेक मुलं बसतात. आपल्याला कुणीतरी विचारलं, एवढंच त्यांना हवं असतं.

प्रकरण शेवटपर्यंत एका दमात वाचू नका. मधे कुठे थांबायचं ते ठरवून ठेवा. ‘देवाला सारी प्रिय’ मध्ये अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या एका म्हातारीला मोळी उचलवत नाही आणि आई श्यामला हात लावायला पाठवते. मी इथं पुस्तक मिटते आणि विचारते, ‘तुम्ही गेला असतात का?’ सगळे हात वर. मग पुढं वाचते. नंतर घरी येऊन आंघोळ करायची, हेही त्यात येतं. गेल्या वर्षी खिडकीजवळची मुलगी मधेच म्हणाली, ‘बाई, मग मदत केली ती कशाला? आंघोळ करायची म्हणजे ती म्हातारी घाणच ना?’

वर्ग एकदम गप्प झाला. मीही गप्प राहिले. अशा वेळी लेखकाची बाजू घ्यायला धावू नका, आणि आई किती थोर होती हेही सांगू नका. एक मुलगा म्हणाला, ‘त्या वेळी तेवढं करायलाही हिंमत लागत असणार.’ दुसरा म्हणाला, ‘पण म्हातारीला कसं वाटलं, ते कुणी विचारलंच नाही.’ हे दोघं भांडले, चांगले दहा मिनिटं, आणि मी भांडू दिलं. भांडण निवल्यावर मी एवढंच सांगितलं की पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून याच लेखकानं मे १९४७ मध्ये उपोषण केलं. ही माहिती आधी दिली असती, तर ते भांडण झालंच नसतं. म्हणून ती नंतर.

प्रश्न विचारताना ‘यातून काय बोध घ्याल?’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. तो विचारला की मुलं परीक्षेतल्यासारखी ‘नेहमी खरे बोलावे’ म्हणून मोकळी होतात. ‘तू तिथं कुठं उभा असतास?’ हा माझा नेहमीचा प्रश्न. दवंडीच्या प्रसंगाला तर हाच विचारावा, कारण प्रत्येक मूल स्वतःला श्यामच्या भावाच्या जागी ठेवतं, चिडवणाऱ्यांत कुणीच नसतं. चोरीच्या प्रकरणाला विचारावं, ‘पैसे पुस्तकासाठी चोरले म्हणून चोरी लहान झाली का?’ आईनं पोहायला मारून पाठवलं, ते बरोबर का, यावर आमच्या वर्गात अजून एकमत नाही. नसू दे.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. अर्धा अर्धा कागद द्या, नाव न घालता लिहायला सांगा. कुणी दोनच ओळी लिहितं, कुणी चित्र काढतं. दवंडीच्या प्रकरणानंतर एकदा एका चिठ्ठीत होतं, ‘मी पण ढोल वाजवला. त्याचे बाबा पडले होते तेव्हा.’ कुणाचे बाबा, कुठे पडले, मी विचारलं नाही. चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवायच्या नाहीत, मुख्याध्यापकांना नाही, पालकांना तर नाहीच. एखाद्या मुलाला घरी धोका आहे असं दिसलं, तरच अपवाद. बाकी सगळ्या मी सोमवारी टेबलावर उलट्या मांडून ठेवते. ज्यानं त्यानं आपली ओळखून उचलायची. ती ढोलाची चिठ्ठी त्या दिवशी दुपारच्या सुट्टीपर्यंत तशीच पडून होती. सुट्टी संपवून आले तेव्हा ती तिथं नव्हती.