बेसबॉलचे अंपायरिंग : जाळीमागच्या आवाजाला उत्तर देण्यापासून सुरू होणाऱ्या चुका टाळा

नागपुरात मुलांच्या बेसबॉल सामन्यांना नव्याने उभे राहणारे बहुतेक अंपायर क्रिकेट पाहत वाढलेले असतात आणि त्यांची सर्वांत महागडी चूक त्याच सवयीतून येते. क्रिकेटमध्ये चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात विसावला की अंपायरला थोडी उसंत मिळते. बेसबॉलमध्ये कॅचरने, म्हणजे बॅटरमागे बसणाऱ्या खेळाडूने, चेंडू झेलल्यावरही खेळ चालूच असतो. रनर बेस चोरू शकतो, म्हणजे फटक्याविनाच पुढच्या बेसकडे धावू शकतो, आणि कॅचरच्या हातून चेंडू निसटला तर थेट होम प्लेट गाठून धाव मिळवू शकतो. प्लेटमागच्या जाळीआडून एखादा प्रेक्षक बोलला म्हणून अंपायरने मान वळवली, तर रनरला तेवढा वेळ पुरतो.

चौदा वर्षांखालील एका सामन्यात मी स्कोअररच्या टेबलाशी बसलो होतो. शेवटच्या इनिंगमध्ये क्षेत्ररक्षण करणारा संघ एका धावेने पुढे होता, दोन आऊट झाले होते आणि तिसऱ्या बेसवर रनर होता. पिच, म्हणजे पिचरने बॅटरकडे टाकलेला चेंडू, खाली आली, अंपायरने योग्यपणे ‘बॉल’, म्हणजे स्ट्राईक नाही, असा निर्णय दिला आणि पिचरचे वडील जाळीला धरून ओरडले, ‘‘सर, दिसून नाही राहिलं का? सरळ स्ट्राईक होती नं!’’ अंपायर मागे वळून म्हणाला, ‘‘काका, गुडघ्याच्या खाली होता.’’ तेवढ्यात कॅचरच्या ग्लोव्हमधून चेंडू दोन पावले बाजूला घरंगळला, रनर सुटला, पिचर प्लेट झाकायला धावत आला आणि कॅचरने चेंडू त्याच्याकडे टाकला. अंपायरची नजर परत आली तेव्हा रनरचा बूट प्लेटच्या कडेला टेकलेला होता, पिचरचा ग्लोव्ह त्याच्या नडगीवर होता आणि दोघांवर माती उडत होती. आधी काय लागले, बूट की ग्लोव्ह, हे त्याने पाहिलेलेच नव्हते. बेस अंपायरसमोर पिचरची पाठ आडवी आली होती. अखेर ‘सेफ’, म्हणजे रनर बाद नाही, असा निर्णय दिला गेला, तो अंदाजाने, आणि त्या निर्णयाच्या बाजूने उभे राहण्याची ताकद अंपायरकडे उरली नव्हती. काकांना दिलेले उत्तर शंभर टक्के बरोबर होते. ते द्यायलाच नको होते.

माझा शिरस्ता असा आहे की, चेंडू पिचिंग रबरवर, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या पट्टीवर, उभ्या असलेल्या पिचरच्या हाती परत जाईपर्यंत माझी नजर चेंडूवरून हटत नाही. प्लेट झाडायची असली तरी आधी ‘टाईम’ म्हणून खेळ थांबवावा आणि मगच मैदानाकडे पाठ करून वाकावे.

दुसरी चूक भरपाईची आहे आणि तिच्याबद्दल मला खरोखर राग आहे. एक स्ट्राईक चुकीची गेली, कोच ओरडला, म्हणून पुढची चांगली पिच ‘बॉल’ ठरवायची, हा न्याय नव्हे. स्ट्राईक झोन, म्हणजे पिच जिथून गेली तर स्ट्राईक ठरते ती जागा, खांदे व कंबर यांच्या मध्यापासून गुडघ्याच्या वाटीखालच्या खळगीपर्यंत आणि 17 इंच रुंदीच्या प्लेटवर असतो. तो कोचच्या आवाजावर हलू लागला तर बारा वर्षांच्या मुलाने बॅट कशावर फिरवायची? शिवाय ओरडण्याचा उपयोग होतो हे दोन्ही कोचना लगेच कळते. प्रत्येक बॅटर बॅट फिरवण्याच्या तयारीत उभा राहिला की मी त्याचे गुडघे आणि कंबर नव्याने पाहून घेतो, कारण एकाच वयोगटातल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक सहज असतो.

उन्हाळी शिबिरांत याच चुकीचे दुसरे रूप दिसते. सूर्य डोक्यावर येऊ लागला की सामना आटपावा म्हणून झोन रुंद केला जातो. नागपूरच्या मे महिन्यातले ऊन मुलांसाठी धोक्याचे आहे हे मान्यच आहे, पण मग दोन्ही कोचशी आधीच बोलून इनिंग कमी कराव्यात.

पहिल्या बेसवर चेंडू हवेत असतानाच मूठ वर करून ‘आऊट’ देणाऱ्या उतावळ्यांना एवढेच सांगेन की, डोळे बेसवरच्या पायांवर आणि कान ग्लोव्हच्या आवाजाकडे ठेवा, चेंडू हातात टिकल्याची खात्री करा आणि मग बोला. प्लेटमागे असाल तेव्हा कॅचरच्या थेट मागे उभे राहू नका. त्याच्या आणि बॅटरच्या मधल्या फटीतून पाहा.

कोचचे मात्र सगळेच बोलणे टाळायचे नसते. स्ट्राईक की बॉल, सेफ की आऊट हा अंपायरच्या नजरेचा निर्णय असतो आणि त्यावर वाद चालत नाही. नियम चुकीचा लावला गेला असे वाटत असेल, उदाहरणार्थ पहिल्या व दुसऱ्या बेसवर रनर आणि एक आऊट असताना इनफिल्डरला, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला, सहज झेलता येणाऱ्या उंच चेंडूवर इनफिल्ड फ्लाय (असा चेंडू झेलला गेला नाही तरी बॅटर आऊट) पुकारला गेला नसेल, तर विचारण्याचा हक्क मुख्य कोचला आहे. त्याने ‘टाईम’ मागून जवळ यावे, आपण मास्क काढून ऐकावे, सहकारी अंपायरला बाजूला नेऊन विचारावे आणि निर्णय दोन वाक्यांत सांगावा.

प्रेक्षकांची टीका अंपायरवर असेल तर ऐकू आली नाही असे समजावे. ती एखाद्या मुलावर घसरली, मग तो मुलगा बोलणाऱ्याचा स्वतःचा का असेना, तर त्याच क्षणी ‘टाईम’ द्यावा. जाळीकडे स्वतः जाऊ नये. त्या संघाच्या कोचला आणि आयोजकांना बोलावून त्या व्यक्तीला मैदानाबाहेर नेण्यास सांगावे आणि ती बाहेर जाईपर्यंत पुढची पिच टाकू देऊ नये.