बांधकामाच्या वादात वकिलाकडे जायच्या आधी
साइटवर वाद पेटला की बरेच जण आधी भांडतात आणि वकिलाकडे शेवटी जातात, तोवर नोटीसची मुदत गेलेली असते, हे बघून खरंच वाईट वाटतं. आधी करार काढा आणि क्लेमची, म्हणजे जादा पैसे किंवा मुदत मागायची, नोटीस किती दिवसांत द्यायची ते कलम शोधा, फिडिक या आंतरराष्ट्रीय इंजिनिअर संघटनेच्या १९९९ च्या रेड बुकमध्ये (बांधकाम कराराचा तयार नमुना) कॉन्ट्रॅक्टरला घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून फक्त २८ दिवस आहेत, ते चुकले तर वाढीव मुदत आणि जादा पैसे दोन्हीवर पाणी सोडावं लागू शकतं. सगळा हिशोब नंतर देता येतो पण नोटीस आधी, लेखी आणि करारातल्या पत्त्यावरच. व्हॉट्सॲपवर कळवलंय म्हणजे झालं असं धरू नका!

मग तारखांची यादी करा, ड्रॉइंग कधी मिळालं, काम कधी आणि कोणी थांबवलं, बिल कधी दिलं. साइट डायरी, फोटो सोबत ठेवा. तोंडी सांगितलेलं जादा काम त्याच दिवशी ईमेलने कन्फर्म करून घ्या.

वकिलाला विचारा की आर्बिट्रेशन (कोर्टाबाहेरचा लवाद) स्वतः चालवलंय का. आणि आपल्या विरोधात जाणारी पत्रंपण पहिल्याच मीटिंगला दाखवा, त्यांची कॉपी समोरच्याकडे असतेच.