फ्लिपर उचलतोय, पण उडवत नाही? या चुका टाळा

रोबोटच्या लढतीसाठी दीड किलो गटाचा फ्लिपर, म्हणजे समोरच्या बॉटला (रोबोटला) आर्मने, पुढच्या हाताने उडवणारा बॉट, करायचं ठरलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर्व्हो किती किलोचा घेऊ?" इथेच गाडी घसरते. सर्व्हो म्हणजे ठरावीक कोनात फिरणारी गिअरवाली छोटी मोटर. तिच्या खोक्यावर असतो तो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. समोरचा बॉट हवेत जातो तो ऊर्जेवर, आणि ती ऊर्जा क्षणात द्यावी लागते.

आकडेच मांडू. २० किलो-सेंमीचा, ०.१६ सेकंदात ६० अंश फिरणारा चांगला सर्व्हो घ्या. त्याची सर्वांत जास्त शक्ती अर्ध्या टॉर्कला आणि अर्ध्या वेगाला मिळते, साधारण ३.२ वॅट. आर्म ४० अंश उचलायला त्याला ०.२ सेकंद लागतात, म्हणजे एका झटक्यात जेमतेम ०.७ ज्यूल. आता समोर २० सेंमी रुंद, दीड किलोचा बॉट आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य ३ सेंमी उंच आहे असं धरा. त्याला कडेवर उभा करून नुसतं पालथं पाडायलाच १.१ ज्यूल लागतात. ३० सेंमी वर उडवायला ४.४. यात घर्षण, गरगर फिरण्यात जाणारी ऊर्जा आणि आपलाच बॉट मागे रेटला जाणं धरलेलं नाही. तेव्हा सर्व्होवाल्या यंत्राला लिफ्टर म्हणा आणि लिफ्टरसारखं खेळवा: उचला, भिंतीपर्यंत रेटत न्या. त्यात कमीपणा नाही.

खरंच उडवायचं असेल तर ५-६ ज्यूलचं गणित धरा. १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) २८ मिमी ब्रशलेस मोटर, ३एस (तीन सेलची) बॅटरी आणि ३० ला १ चा धातूचा प्लॅनेटरी गिअरबॉक्स घेतला, तर २५ अँपिअरला शाफ्टवर सुमारे ५.७ न्यूटन-मीटर मिळतात. १२ सेंमी आर्मच्या टोकाला तो जोर जवळपास ५ किलो होतो. गिअर प्लास्टिकचे घेऊन पैसे वाचवणाऱ्यांनी दाते वेचायला चिमटाही सोबत घ्यावा.

दुसरी चूक याहून जास्त दिसते, आणि ती बघून खरोखर वैताग येतो. ओठ, म्हणजे आर्मची पुढची पातळ कड, जमिनीला टेकत नाही. पट काढायचा तर पैलवानाला आधी खाली शिरावं लागतं. इथे सगळं लक्ष उचलण्यावर आणि शिरण्याचा पत्ता नाही. कॉलेजच्या एका स्पर्धेतला चार चाकी बॉट याचा नमुना होता. मोटर दमदार, मशिनिंग देखणं. आदल्या रात्री पकड वाढावी म्हणून ५० मिमीची चाकं काढून ५४ ची बसवली. त्यामुळे सगळी चॅसी २ मिमी वर आली. आर्मखाली स्टॉपर बोल्ट घट्ट लावलेला, त्यामुळे आर्मला खाली यायला वाव नाही. समोरच्याचा साधा पत्र्याचा वेज (उतरती पाचर) त्या २ मिमीतून आत शिरला आणि उरलेली सगळी लढत फ्लिपर हवेत हातवारे करत राहिला. मोटर तापली, बॅटरी फुगायच्या बेतात आली, आणि समोरच्याने नुसतं ढकलून सामना नेला.

उपाय साधा आहे. आर्म स्वतःच्या वजनाने लोंबला पाहिजे. आर्मला ढकलणाऱ्या रॉडमध्ये ३ मिमीचा स्लॉट ठेवा, म्हणजे ओठ जमिनीवर घासत राहतो. शिवाय सेन्सरलेस (शाफ्टची स्थिती कळवणारा सेन्सर नसलेली) मोटर भाराखाली सुरू होताना अडखळते. या स्लॉटमुळे तिला भार येण्याआधी थोडं फिरून घ्यायला मिळतं. ओठासाठी १ मिमी स्प्रिंग स्टील, कड २०-२५ अंशांना घासलेली. घासताना दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. कड निळी होऊन करडी पडली की पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं समजा, तेवढा भाग कापून टाका. दोन्ही कोपरे २-३ मिमी गोल करा, नाहीतर रिंगणाच्या प्लायवूडच्या सांध्यात अडकून बॉट जागीच थांबेल.

बिजागरी कुठे ठेवायची, हेही कागदावर काढून बघत नाहीत. ती ओठाच्या पातळीला ठेवली तर ओठ वर आणि लगेच मागे येतो, समोरचा आपल्याच डोक्यावर. १५० मिमी आर्मला बिजागरी ओठापेक्षा ४० मिमी उंच घ्या. तेवढी उंची गाठेपर्यंत ओठ वर जाताना थोडा पुढेही सरकतो.

बिजागरीची पिन म्हणून एम५ चा पूर्ण आटे असलेला बोल्ट घालू नका. आटे भोक खातात आणि आर्म डुलायला लागतो. ६ मिमी सिल्व्हर स्टीलची पिन, गनमेटलचा बुश, भोकाला रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार), दोन्ही टोकांना सर्कलिप (पिन सरकू न देणारी कडी). कोल्हापुरात राहून याची अडचण सांगू नये. उद्यमनगरात बुश टर्न करून देणारे लेथवाले पावलोपावली आहेत. फक्त हातात रेखाचित्र द्या, पिन सोबत न्या आणि फिट रनिंग (पिन मोकळी फिरेल असा) हवा हे आधीच सांगा.

आर्म उचलताच बॉट सेकंदभर मरतो? रिसीव्हरला व्होल्टेज कमी पडतंय. सर्व्होला वेगळा ५ अँपिअरचा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारं सर्किट) द्या, जोडीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

सर्व्होच्या शाफ्टवर थेट आर्म? नको. पहिल्या फटक्यात दाते जातात.

पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरच्या ठिसूळ प्लास्टिकमध्ये) छापलेला आर्म फक्त मापं तपासायला.

बॅटरी जोडलेली असताना आर्ममध्ये लॉकपिन असलीच पाहिजे. "दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणणाऱ्यांचीच बोटं सापडतात.

चाचणी विटेवर करू नका. वीट अरुंद असते, सहज उलटते आणि उगाच खूश करते. २० बाय २० सेंमी प्लायवर दोन कडांना वजनं बांधून दीड किलो करा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रीकरण घ्या. आपलीच मागची चाकं उचलली गेली तर दोष मोटरचा नाही. टोकाला ५ किलो जोर आणि पुढचा टेकू (आपला बॉट पुढे जमिनीला टेकतो ती जागा) ओठाच्या ६ सेंमी मागे, म्हणजे ३० किलो-सेंमी नाकावर. टेकूमागे ७ सेंमीवर असलेलं आपलं दीड किलो त्यासमोर फक्त १०.५ देतं. नायलॉनची किंवा यूएचएमडब्ल्यूची (गुळगुळीत, चिवट प्लास्टिकची) स्किड पट्टी ओठाच्या २ सेंमी मागपर्यंत पुढे आणली की हेच आकडे १० आणि १६.५ होतात. मग परत चित्रीकरण घ्या आणि चाकं बघा.