मका सोलायची नळी: आधी कणसं मोजा, मग पाईप कापा

सिल्लोड तालुक्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे आणि घरी दोन एकर मका. मळणीयंत्र गावात येतं, पण दोन-चार पोत्यांसाठी ते कुणी दारात लावत नाही. मग घरातल्या बायका अंगठ्याने दाणे काढत बसतात आणि संध्याकाळी अंगठ्याची सालटी निघालेली असतात. त्यांच्यासाठी मी हातातली नळी करतो: आखूड पाईप, आत चार तिरक्या पट्ट्या, त्यात कणीस पिळलं की दाणे सुटतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने असं साधन पूर्वीच तयार केलंय. पण कणसाची जाडी वाणागणिक बदलते, म्हणून माप आपल्याच शेतातलं घ्या.

वीस कणसं उचला, लहानमोठी, निवड न करता. प्रत्येकाची बुडाकडची जाडी मोजा, मग दाणे काढून उरलेल्या बुरकुंडाची. माझ्याकडे सरासरी कणीस ४६ मिलिमीटर आणि बुरकुंड २७ निघालं. आतल्या पट्ट्यांमधली जागा तोंडाशी कणसापेक्षा ६ मिलिमीटर जास्त ठेवा, म्हणजे ५२. दुसऱ्या टोकाला बुरकुंडापेक्षा ३ जास्त, म्हणजे ३०.

अडीच इंची काळा पाईप ७० मिलिमीटर लांब कापा. जस्ताचा मुलामा असलेला पाईप घेऊ नका, वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीला बाधतो. पाईपच्या आत वेल्डिंगचा टाका मारायला हात पोचत नाही. म्हणून एका टोकाकडून करवतीने चार उभ्या खाचा पाडा, समान अंतरावर, आणि तोंडाकडचे १० मिलिमीटर अखंड सोडा. माझ्या पाईपचा आतला व्यास ६८ आहे, त्यामुळे ३ मिलिमीटर जाडीची पट्टी तोंडाकडे ८ आणि शेवटी १९ मिलिमीटर आत येईल अशी तिरकी कापतो. पाईपच्या जाडीइतकी पट्टी जास्त धरायची. खाचेत बसवून टाका बाहेरून.

आता कानस. पट्टीची आतली कड बोट फिरवलं तर गुळगुळीत लागेपर्यंत घासा. माझ्या पहिल्या नळीच्या कडा मी तशाच धारदार ठेवल्या होत्या. काम झपाट्याने व्हायचं, मी खूश. पण दाण्याच्या टोकाशी कोंब असतो तिथेच टवके उडाले होते, आणि त्या पोत्यात सोंडे लवकर पडले. त्यानंतर कानशीला मी कधी घाई केली नाही.

तपासणी वाळलेल्या कणसावरच. दाणा वाळलाय का ते पाहायला काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन द्या. मग ५ किलो कणसं तोलून, घड्याळ लावून सोला. शेंडा आधी आत, आणि कणीस उलटसुलट पिळत पुढे. निघालेल्या दाण्यांतून न बघता १०० मोजून घ्या. दोनपेक्षा जास्त फुटके असतील तर शेवटची जागा एक मिलिमीटरने वाढवा. बुरकुंडावर दाणे राहत असतील तर तेवढीच कमी करा. एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. बियाण्याचा देशी मका असेल तर त्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सातव्या दिवशी कोंब मोजा, आणि शेजारी हाताने सोललेले १०० ठेवा.

ही सगळी तपासणी मी स्वतः करत नाही, आईला करायला देतो. माझ्या हातात सहज फिरणारी नळी तिच्या हातात अडकली होती, कारण तिची मूठ लहान आहे आणि घामाने लोखंड निसटतं. आता बाहेरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो. अर्धा तास सोलून झाल्यावर तिचा तळवा उघडून बघतो. लाल वळ जिथे उठला असेल तिथली कड पुन्हा कानशीखाली जाते, आणि उद्या सकाळी परत अर्धा तास.