रेस बघायला गेलात की गाड्यांचे फोटो कसे काढायचे

मीडियाचं जॅकेट नसतं, ट्रॅकच्या कडेला कोणी जाऊ देत नाही आणि मधे जाळी असते, तरीसुद्धा प्रेक्षकांमधून खूप भारी फोटो काढता येतात, फक्त एवढं पक्कं ठरवून जायचं की फोटोत वेग दिसला पाहिजे. बहुतेक जण काय करतात, गाडी हलायला नको म्हणून शटर (म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्यात उजेड यायचा वेळ) १/२००० सेकंदावर ठेवतात, फोटो एकदम शार्प येतो पण गाडी पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. हिशोब करून बघा ना, ताशी १५० किमीने जाणारी कार १/१००० सेकंदात जेमतेम ४ सेंटीमीटर पुढे जाते, म्हणजे चाकाचे स्पोक सुद्धा मोजता येतील. तेच १/६० ला ती जवळपास ७० सेंटीमीटर जाते, चाक साधारण एक तृतीयांश फिरतं, आणि मग चाक फिरताना दिसतं.

कुठे आणि कधी जायचं हे आधी बघू. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, ३.७ किमीचा, १२ कॉर्नरचा, कोइम्बतूरला कारी नावाचा ट्रॅक आहे, दोन्हीकडे नॅशनल चॅम्पियनशिपच्या रेस होतात. रविवारी मेन रेसलाच पोचण्यापेक्षा प्रॅक्टिस आणि क्वालिफाइंगच्या (रेसमध्ये कोण कुठून सुरू करणार हे ठरतं त्या) दिवशी जा. गर्दी कमी असते, गाड्या त्याच, आणि त्याच कॉर्नरवरून त्या पुन्हा पुन्हा येतात म्हणजे एक शॉट चुकला तर पुढच्या लॅपला परत चान्स. जायच्या आधी तिकिटावरचे नियम वाचा, मोठ्या इव्हेंटला काही वेळा मोठ्या लेन्स आत नेऊ देत नाहीत.

जागा निवडताना सरळ पट्ट्याचा मोह टाळा, तिथे गाडी झुपकन जाते आणि सगळे फोटो सारखेच येतात. कॉर्नर बघा. ब्रेक मारून गाडी वळते तिथे वेग कमी होतो, बाइकवाला गुडघा टेकवतो, दोन-तीन गाड्या एकमेकांना चिकटून येतात, सगळा ड्रामा तिथेच. ऊन आपल्या पाठीमागून येईल असं उभं राहा, आणि मागे काय दिसतंय ते पण बघा, झाडं किंवा रंगीत बोर्ड असले तर पॅनिंगमध्ये, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढताना, त्यांचे मस्त पट्टे होतात, पांढरा टँकर किंवा पार्क केलेल्या गाड्या असल्या तर फोटो गेला.

आता मेन काम, पॅनिंग. कॅमेरा शटर प्रायॉरिटीवर (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो), फोकस कंटिन्युअसवर (हलत्या गाडीवर सतत फोकस), बर्स्ट (एकामागून एक फोटो) चालू, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १००. सुरुवात १/२५० पासून करा, जमायला लागलं की १/१२५, मग १/६०. पाय जिथे फोटो घ्यायचाय त्या दिशेला रोवायचे, कोपरं अंगाला चिकटवायची, आणि गाडी लांब असतानाच कंबरेतून वळून तिला पकडायचं. पकडायचं म्हणजे फोकस पॉइंट हेल्मेटवर ठेवायचा आणि तिथून हलू द्यायचा नाही. गाडी बरोबर समोर यायच्या जरा आधी बटण दाबायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बटण सोडल्यावर पण कॅमेरा फिरवत राहायचं, बॅट्समन शॉट मारल्यावर बॅट पूर्ण फिरवतो तसं. क्लिक झाल्या झाल्या हात थांबला की फोटो हलला म्हणून समजा. लेन्सला स्टॅबिलायझर (हाताची थरथर कमी करणारी सोय) असेल तर पॅनिंगचा मोड लावा, नाहीतर बंद करा.

दुपारच्या कडक उन्हात एक अडचण येते. आयएसओ १०० ला १/६० ठेवलं की अपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ २२ पर्यंत जातं, फोटो मऊ पडतो आणि सेन्सरवरची धूळ ठिपके होऊन दिसते. एनडी ८ फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावला की तोच फोटो एफ ८ ला येतो, रेसला जाणाऱ्याने बॅगेत पहिली ही वस्तू टाकावी असं माझं मत आहे. आणि डांबर तापून हवा थरथरायला लागली की लांबच्या गाडीचा नाद सोडा, कुठलीच लेन्स तिथे कामाची नाही, जवळून जाणारी पकडा.

जाळीचं काय? लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, झूम पूर्ण करा, अपर्चर उघडं (एफचा आकडा लहान) ठेवा, तार जवळजवळ गायब होते. मात्र तारेवर ऊन पडत असेल तर चकाकतेच, सावलीतला भाग शोधा. उंच स्टँड मिळाला तर जाळीचा प्रश्नच मिटतो. मोबाइल असला तरी चालेल, प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने बदलता येतात तो मोड) शटरचा वेग कमी करा, डिजिटल झूम अजिबात वापरू नका.

पुण्या-नाशकाकडे डर्टवरच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या, रेस होतात, तिथलं गणित उलटं. बाइक हवेत असते तेव्हा शटर १/१००० पेक्षा वेगवान ठेवा, कारण उडालेला मातीचा प्रत्येक खडा दिसला की मजा येते. जंपच्या टोकाला बाइकचं वर जाणं क्षणभर थांबतं, तिथेच क्लिक करा, आणि खालून काढा म्हणजे मागे आकाश येतं. रॅली (रस्त्यावर एकेक गाडी सुटते ती रेस) असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच उभं राहू नका, सुटलेली गाडी तिकडेच येते. आतल्या बाजूला, रस्त्यापेक्षा उंचावर राहा, आणि मार्शलने (सुरक्षेसाठी ट्रॅकवर असलेल्या माणसाने) मागे व्हा म्हटलं की लगेच मागे व्हा.

जायच्या आधी घराजवळच्या रस्त्यावर, फूटपाथवर सेफ उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटींवर पॅनिंगचा हात बसवा. १/६० ला शंभरातले पाच-सहा चांगले आले तरी खूप झालं, म्हणून कार्ड आणि बॅटरी जादा ठेवा. निवडताना फोटो पूर्ण झूम करून फक्त हेल्मेट बघा, ते शार्प असेल तर बाकी कितीही पसरलेलं असू दे, फोटो ठेवा.